ॲलन सीगर

ॲलन सीगर (२२ जून १८८८ - ४ जुलै १९१६) हा अमेरिकन कवी होता. पहिल्या महायुद्धात स्वतःचा देश तटस्थ असताना तो फ्रान्सच्या सैन्यात साधा शिपाई म्हणून दाखल झाला आणि सोमच्या लढाईत वयाच्या २८व्या वर्षी मारला गेला. त्याची कविता युद्धाच्या उदात्त कल्पनेवर उभी आहे. त्याची पत्रे व दैनंदिनी मात्र परक्या सैन्यातील शिपायाचे खडतर जिणे बरेच उघडपणे सांगतात.

पूर्वायुष्य

सीगरचा जन्म न्यू यॉर्क येथे झाला. बालपणीची काही वर्षे त्याने मेक्सिकोत काढली. १९१० साली तो हार्वर्ड विद्यापीठातून पदवीधर झाला, टी. एस. एलियट हा तेथे त्याचा समकालीन होता. १९१२ पासून तो पॅरिसमध्ये राहत असे.

फॉरेन लीजनमधील सेवा

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा परदेशी नागरिकांना फ्रान्सच्या नियमित पलटणींत प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी १८३१ मध्ये स्थापन झालेले फॉरेन लीजन हे दल होते. युद्ध संपेपर्यंत सेवा करण्याच्या करारावर सीगर त्यात दाखल झाला. तुलूझ येथे काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेऊन ऑक्टोबरमध्ये तो आघाडीवर पोहोचला.

तेथे त्याची अपेक्षा फोल ठरली. त्याने चढायांची कल्पना केली होती. वाट्याला आला एन नदीच्या परिसरातील खंदकांचा हिवाळा. दिवसभर तोफांच्या माऱ्याखाली दबून बसायचे, रात्री पहारा द्यायचा, थंड झालेले अन्न खायचे आणि शत्रू क्वचितच दृष्टीस पडायचा. असे युद्ध तोफचीला रंजक वाटत असेल, पायदळाच्या शिपायाला त्यात रम्य असे काहीच नाही, अशा आशयाचे त्याने अमेरिकेतील वृत्तपत्राला लिहिले. जानेवारी १९१५ मध्ये क्राऑनेल गावातील एका वाड्यावर तो रात्री पहाऱ्यावर असताना शत्रूने भिंतीपलीकडून हातबॉम्ब टाकले. या हल्ल्यात त्याचा नाईक ठार झाला.

परकेपणाचा खरा काच खंदकापेक्षा पलटणीत अधिक होता. ध्येयाने आलेल्या स्वयंसेवकांना आफ्रिकेत मुरलेल्या जुन्या शिपायांबरोबर ठेवले गेले. त्यांपैकी अनेक जण कायद्यापासून पळालेले असल्याची तक्रार सीगरने आईला लिहिलेल्या पत्रात केली आहे. हवालदारही सर्वांना एकाच दंडुक्याने हाकत. १९१५ मध्ये अनेक अमेरिकन स्वयंसेवक फ्रेंच पलटणींत बदलून गेले. सीगर मात्र लीजनमध्येच राहिला. मोठ्या चढाईत लीजनला पुढे पाठवले जाईल, ही आशा त्यामागे होती. सप्टेंबरमधील शांपान्यच्या चढाईनंतर तो मारला गेल्याची खोटी बातमीही पसरली.

हुकलेला समारंभ

१९१६ च्या आरंभी आजारपणामुळे त्याला काही काळ आघाडीपासून दूर राहावे लागले. मे महिन्यात पॅरिसमधील अमेरिकन मंडळींनी फ्रान्ससाठी मरण पावलेल्या देशबांधवांच्या स्मरणार्थ कविता मागितली. ३० मे रोजी वॉशिंग्टन व लाफायेत यांच्या पुतळ्यासमोर ती त्यानेच वाचावी, असे ठरले होते. खंदकातील कामांतून वेळ काढून त्याने दोन दिवसांत ती लिहिली. पण रजेचा कागद वेळेवर आला नाही.

मृत्यू व नंतर

४ जुलै १९१६ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, संध्याकाळी लीजनने बेलॉय-आं-सांतेर या गावावर चढाई केली. सीगर पहिल्या रांगांत होता. मशीनगनच्या माऱ्यात तो जखमी होऊन पडला. मागून येणाऱ्या सोबत्यांना तो ओरडून चेतवत होता, असे सांगतात. गाव लीजनने जिंकले.

त्याचा कवितासंग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. पत्रे व दैनंदिनी १९१७ मध्ये, अमेरिका युद्धात उतरली त्या वर्षी आली. मृत्यूशी ठरलेल्या भेटीवरची त्याची कविता राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना विशेष प्रिय होती. एलियटने मात्र संग्रहाच्या परीक्षणात ही कविता जुन्या वळणाची ठरवली, जरी तिच्यामागची तळमळ त्याने नाकारली नाही. पॅरिसमध्ये अमेरिकन स्वयंसेवकांचे स्मारक १९२३ मध्ये उभारले गेले; त्यावरील शिपायाची आकृती सीगरच्या छायाचित्रावरून घडवली आहे. लोकगायक पीट सीगर हा त्याचा पुतण्या.