म्हातारपण वेगळे, विसरण्याचा रोग वेगळा

‘साठी बुद्धी नाठी’ असे आपण सहज म्हणतो. पण ही म्हण पुरती खरी नव्हे. वय झाले की थोडा विसर पडतोच. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही; मागाहून आठवते. हा रोग नव्हे. पण चष्मा कशासाठी असतो तेच कळेना, रोजच्या वाटेवर माणूस चुकू लागला, तर रोगाची शंका घ्यावी.

या रोगाचे नाव अल्झायमर. अल्झायमर या जर्मन डॉक्टरांकडे १९०१ साली ५१ वर्षांची एक बाई आली. तिला काही आठवत नसे. १९०६ साली ती वारली. तेव्हा डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. रोग मेंदूत होता!

आपला मेंदू बारीक पेशींचा बनलेला आहे. या रोगात पेशींच्या आत-बाहेर प्रथिनांचा गाळ साचतो. पेशी हळूहळू मरतात. नवी आठवण साठवणारा भाग बहुधा आधी बिघडतो. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीचे लग्न आठवते, पण सकाळची न्याहारी आठवत नाही.

समजा, सासूबाई जेवून उठल्या. घटकाभराने शेजारणीला सांगतात, “सुनेनं मला जेवायलाच दिलं नाही.” सुनेला बोल लागतो. घरात भांडण होते. पण सासूबाई खोटे बोलत नाहीत. जेवल्याची आठवणच त्यांच्यापाशी उरलेली नसते! मग ओरडून काय उपयोग? घोटभर ताक द्यावे, गोड बोलून मन दुसरीकडे वळवावे.

ही करणी नव्हे, भूतबाधा नव्हे. अंगारे-धुपारे करीत बसू नका. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा. थायरॉईडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची उदासी यांनीही विसर पडतो. तो उपचाराने कमी होऊ शकतो. अल्झायमर पुरता बरा करणारे औषध अजून निघालेले नाही. पण गोळ्यांनी काही जणांना काही काळ आराम पडतो.

आमचे सांगणे एवढेच. जेवणाची, झोपेची वेळ ठरलेली ठेवा. चूल आणि विहीर यांपासून त्यांना जपा. सेवेचा भार एकट्या सुनेवर टाकू नका. मुलगे, लेकी, सगळ्यांनी वाटून घ्या. आणि म्हाताऱ्या माणसाच्या खिशात नाव, गाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. ती चिठ्ठी तुम्हीच लिहा.