दुभाष्याचे ओझे

करारनामा मालकाच्याच भाषेत असला, की कामगाराला कलमागणिक दुभाष्या लागतो. संगणकावरील खेळांचेही तसेच आहे. चित्रातील ठिपक्यांचा रंग व प्रकाश ठरविणाऱ्या छोट्या आज्ञावलीस 'शेडर' म्हणतात. ती एका मधल्या सांकेतिक लिपीत रूपांतरित केलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडी 12 ची लिपी डीएक्सआयएल; क्रोनोस या अनेक कंपन्यांच्या संघाची खुली लिपी स्पिर-व्ही.

बहुतेक खेळ विंडोजसाठी बनतात. लिनक्सवर 2018 साली आलेला 'प्रोटॉन' हा दुभाष्या पहिल्या लिपीचे दुसरीत भाषांतर करतो. मग ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर ते यंत्रभाषेत उतरवितो. हे काम ऐन खेळात निघाले, की चित्र अडखळते.

सप्टेंबर 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने शेडर मॉडेल 7 पासून स्पिर-व्ही स्वीकारण्याचे जाहीर केले. म्हणून दुभाष्याची गरज संपली काय? नाही. शेडरखेरीज इतर आज्ञा लिनक्सवर 'व्हल्कन'मध्ये उतरवाव्याच लागतील, आणि जुने खेळ जुन्याच लिपीत राहतील. तरीही आम्ही हे पाऊल मोलाचे मानतो. लिपी सामाईक झाली, की तिच्यावर एकाच मालकाचा शिक्का राहत नाही. आणि आपल्या यंत्रावर कोणती प्रणाली ठेवावी, हे ठरविण्याचा हक्क खेळणाऱ्याच्या हाती थोडा अधिक येतो.