पाचव्या पुस्तकावरून पडलेले दोन तट

कुणी चुलीपाशी असाल, कुणी रानातून येऊन नुकतेच पाय धुतले असतील. हातातलं काम चालू राहू द्या, नुसते कान इकडे द्या. आज हप्ता, व्याज, कर्जमागणी यातलं काहीच नाही. आज एका गोष्टीच्या पुस्तकाबद्दल बोलायचं आहे. या पुस्तकावरून जगभरच्या वाचकांत दोन तट पडले, आणि तसेच ते आमच्या घरातही पडले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दहावीतली माझी पुतणी.

पुस्तक आहे हॅरी पॉटर मालिकेतलं पाचवं. नाव तुमच्या मुलांच्या तोंडून ऐकलं असेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हॅरी हा इंग्लंडमधला पोरका मुलगा. त्याच्या आईबापांना व्होल्डेमॉर्ट नावाच्या दुष्ट जादूगारानं मारलं. पोर मावशीच्या दारात वाढलं, झोपायला जागा जिन्याखालच्या कपाटात. अकरा वर्षांचा झाल्यावर त्याला कळतं की आपणही जादूगार आहोत. मग तो हॉगवर्ट्स नावाच्या निवासी शाळेत जातो. एका पुस्तकात शाळेचं एक वर्ष, अशी सात पुस्तकं आहेत. लेखिका जे. के. रोलिंग. पहिलं पुस्तक १९९७ साली आलं, सातवं २००७ साली. मराठीत पहिल्या भागाचं नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असं आहे.

आता पाचव्याकडे येते. चौथा भाग २००० साली आला होता. त्यानंतर वाचक तीन वर्षं वाट बघत होते. अखेर २१ जून २००३ ला पाचवा आला, तेव्हा परदेशात पुस्तकांची दुकानं रात्री बारा वाजता उघडली आणि पोरं आईबापांचा हात धरून रांगेत उभी राहिली. एकट्या अमेरिकेत पहिल्याच दिवशी सुमारे पन्नास लाख प्रती खपल्या. मालिकेतलं सगळ्यात जाड पुस्तक हेच. इंग्लंडमधली पहिल्या भागाची मूळ आवृत्ती २२३ पानांची होती, ही ७६६ पानांची!

घरोघरी ते वाचून झालं आणि वाद सुरू झाला. काही म्हणाले, मालिकेतलं सगळ्यात चांगलं पुस्तक हेच. काही म्हणाले, सगळ्यात कंटाळवाणं हेच. आजही हे भांडण मिटलेलं नाही. एकाच पुस्तकाबद्दल इतकी टोकाची दोन मतं का पडावीत, ते आज बघू. शेवट सांगितल्याशिवाय मला बोलता येणार नाही, तेव्हा ज्यांना स्वतः वाचायचं आहे त्यांनी मला माफ करावं.

पहिली तक्रार : हॅरी फार चिडतो

पहिल्या चार भागांतला हॅरी गुणी पोर आहे. पाचव्यात तो पंधरा वर्षांचा होतो आणि सतत खेकसतो. ज्या रॉन आणि हर्मायनीशिवाय त्याचं पान हलत नाही, त्यांच्यावरही ओरडतो. पुष्कळ वाचकांना हे सहन झालं नाही. आम्ही गोड मुलगा बघायला आलो आणि हा काय प्रकार, असं त्यांचं म्हणणं. माझंही तेच होतं. मी पुतणीला म्हटलं, “हा तुझा हॅरी दोन थोबाडीत देण्याच्या लायकीचा झालाय.”

दुसरा तट म्हणतो, त्याच्यावर काय गुजरलंय ते आधी बघा. चौथ्या भागाच्या शेवटी त्याच्या डोळ्यांसमोर शाळेतला एक मुलगा मारला गेला. व्होल्डेमॉर्ट परत आलाय हे त्यानं स्वतः पाहिलं, येऊन सगळ्यांना सांगितलं, आणि सरकारनं त्यालाच खोटारडा ठरवलं. वर्तमानपत्रात त्याची टिंगल होते. खरं सांगूनही कुणी विश्वास ठेवला नाही, असं तुमच्यापैकी कितीजणींच्या बाबतीत झालंय? अशा वेळी माणूस शहाण्यासारखं हळू बोलत राहतं का?

दुसरी तक्रार : गोष्ट उगाच लांबवली आहे

आमटीत पाणी घालून वाढवावी तसं हे पुस्तक झालंय, असं पुष्कळांचं मत. अडतीस प्रकरणांचं पुस्तक, आणि पोरं शाळेत पोचेपर्यंत दहा प्रकरणं संपतात. या तक्रारीत तथ्य नाही असं नाही. हा भाग आटोपशीर करता आला असता, हे पुढे रोलिंगबाईंनी स्वतःच एका मुलाखतीत मान्य केलं.

मग कापायचं काय? इथे मला दोन प्रसंग सांगायचे आहेत.

पहिला प्रसंग वीझलीबाईंचा. रॉनची ही आई सात लेकरांची. घरातल्या एका जुन्या मेजात एक मायावी प्राणी दडलेला असतो. समोरच्या माणसाला ज्याची सगळ्यात जास्त भीती, तेच रूप तो घेतो. वीझलीबाई त्याला घालवायला जातात आणि त्यांच्यासमोर जमिनीवर त्यांचं एकेक लेकरू मेलेलं दिसू लागतं. मग नवरा दिसतो. मग हॅरीसुद्धा, जो त्यांच्या पोटचा नाही. एवढी खमकी बाई, सगळ्या घराला धाकात ठेवणारी, पण तिथे तिला रडू आवरत नाही.

दुसरा प्रसंग नेव्हिलचा. हा हॅरीच्या वर्गातला विसरभोळा, सगळ्यांनी हसावं असा मुलगा. त्याच्या आईवडिलांचा दुष्टांनी इतका छळ केला की त्यांना वेड लागलं. ते कायमचे इस्पितळात आहेत, लेकराला ओळखतही नाहीत. नाताळात आजीबरोबर तो भेटायला जातो. आई हळूच येऊन त्याच्या हातात गोळीचा रिकामा कागद ठेवते. तिच्याकडे द्यायला तेवढंच असतं. आजी म्हणते, टाकून दे तो कचऱ्यात. हॅरीला वाटतं, नेव्हिलनं तो गुपचूप खिशात घातला.

गोष्ट पुढे सरकायला या दोन प्रसंगांची काही गरज नाही. २००७ साली या पुस्तकावर सिनेमा निघाला. सगळ्यात जाड पुस्तकाचा सिनेमा तोवरच्या पाचांत सगळ्यात छोटा झाला, आणि त्यात हे दोन्ही प्रसंग नाहीत. ज्यांना पुस्तक लांबलेलं वाटतं त्यांना सिनेमा सुटसुटीत वाटला. ज्यांना पुस्तक आवडतं ते विचारतात, तो गोळीचा कागद कुठे गेला?

जिथे दोन्ही तट एक होतात

या पुस्तकात एक नवीन बाई येते, डोलोरेस अम्ब्रिज. सरकारनं शाळेवर धाडलेली. गुलाबी स्वेटर, लाडिक आवाज, खोलीत भिंतभर मांजरीच्या पिल्लांची चित्रं. वर्गात ती काही शिकवत नाही, नुसतं पुस्तक उघडून वाचत बसायला लावते. रोज भिंतीवर नवा नियम चिकटवते. हॅरी खरं बोलतो म्हणून त्याला अशा लेखणीनं लिहायला बसवते की तिला शाई लागतच नाही. कागदावर लिहिलेले शब्द त्याच्याच हाताच्या पाठीवर कापले जातात. आणि हे सगळं हसतमुखानं!

अमेरिकेचे प्रसिद्ध कादंबरीकार स्टीफन किंग यांनी त्या वर्षी या पुस्तकावर लिहिलं. लिखाणातले दोष त्यांनी दाखवले, पण अम्ब्रिजचं मात्र तोंड भरून कौतुक केलं. व्होल्डेमॉर्टपेक्षाही या बाईचा राग येतो असं म्हणणारे वाचक खूप आहेत. त्याचं कारण मला असं वाटतं की व्होल्डेमॉर्ट आपल्याला कधी भेटत नाही. पण गोड हसून, नियमावर बोट ठेवून आपलं काम अडवणारं माणूस प्रत्येकीला कधी ना कधी भेटलेलं असतं.

तिच्यावर मुलं जो उपाय काढतात तो तर आपल्याच घरचा वाटतो. पंचवीस-तीस पोरं-पोरी एकत्र येतात, एका कागदावर सह्या करतात, बैठकीची वेळ ठरवतात आणि शाळा शिकवत नाही ते एकमेकांना शिकवतात. कल्पना हर्मायनीची, म्हणजे मुलीची. त्यांच्यातलीच एकजण फितूर होते, तेही आपल्याला नवीन नाही. पण जो नेव्हिल सगळ्यांच्या हसण्याचा विषय, तोच या गटात सगळ्यांत जास्त मेहनत घेतो आणि पुढे निघतो.

तिसरी तक्रार : कुणी त्याला सांगितलं का नाही?

आता सगळ्यात मोठं भांडण. हॅरीचा एक धर्मपिता आहे, सिरियस ब्लॅक. या पोरक्या पोराला बापाच्या जागी तेवढाच एक. पाचव्याच्या शेवटी तो मारला जातो. तोही अशा रीतीनं की व्होल्डेमॉर्ट हॅरीला खोटं दृश्य दाखवतो, सिरियस संकटात आहे असं भासवतो. हर्मायनी सांगत असते, हा सापळा असेल. हॅरी ऐकत नाही, धावतो. त्याला वाचवायला सिरियस येतो आणि जीव गमावतो.

मुख्याध्यापक डम्बलडोर यांना आधीपासून अंदाज होता की व्होल्डेमॉर्ट मुलाच्या मनात शिरू बघेल. पण वर्षभर त्यांनी हॅरीला जवळ केलं नाही, त्याच्या नजरेला नजर दिली नाही. का, तेही सांगितलं नाही. अगदी शेवटी ते कबूल करतात की चूक माझी, मी तुला लहान समजून दूर ठेवलं.

इथे वाचक वैतागतात. अर्धा तास बसून बोलले असते तर हे ७६६ पानांचं रामायण घडलंच नसतं, लेखिकेनं गोष्ट चालवण्यासाठी म्हाताऱ्याला मुद्दाम गप्प बसवलं, असं एका तटाचं म्हणणं. मीही तेच म्हटलं. आमच्या घरात आम्ही रात्री भांडी घासता घासता वाद घालत होतो. पुतणीनं हा भाग हिंदीत मिळवला होता. हिंदीत फिनिक्स पक्ष्याला ‘मायापंछी’ केलंय. ती वाचून झाली की मी वाचायचे.

मी म्हटलं, “इतका शहाणा माणूस असं वागेल का? पटत नाही.”

ती म्हणाली, “मोठी माणसं असंच वागतात, काकू. सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्याला नव्हतं. मग तो चिडणार नाही तर काय करणार?”

माझा हात थांबला.

पुतणी शाळेसाठी आमच्याकडे राहते. तिच्या आईची, म्हणजे माझ्या जाऊबाईंची, पोटातल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली होती. दहावीचं वर्ष, पोरीचं मन उडेल, म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की तिला सांगायचं नाही. आई मामाकडे गेलीय, असं सांगितलं होतं. फोनवर बोलणं आटोपतं घ्यायचं. गेले दोन महिने पोर माझ्यावर खेकसत होती, आणि मी शेजारणींना सांगत होते, वयच तसं आहे.

त्याच रात्री तिला सगळं सांगितलं. ती रडली. मग पहिला प्रश्न विचारला, “मग घरी पाणी कोण भरतं?” तिला काहीतरी बिनसलंय हे आधीच कळलं होतं. विचारायची भीती वाटत होती, इतकंच. रविवारी एसटीनं तिला आईकडे घेऊन गेले. जाऊबाई आता बऱ्या आहेत.

म्हणून मी पुस्तकाच्या बाजूची झाले असं समजू नका. ते लांबलंय, हे माझं मत आजही कायम आहे. पण हॅरी उगाच चिडतो, असं मी आता म्हणत नाही. आणि डम्बलडोरचं वागणं खोटं वाटतं, असं तर मुळीच म्हणत नाही.

एवढी दोन टोकं का, याचं उत्तर मला इथेच सापडतं. लांबलचक मालिकेत नायक मोठा होतो, आणि वाचकही मोठा होत असतो. पहिल्या भागासारखीच गंमत हवी म्हणून जो आला, तो पाचव्यात हिरमुसतो. ज्याच्या स्वतःच्या घरात तेव्हा काही चाललेलं असतं, त्याला तेच पुस्तक जवळचं वाटतं. सव्वीस वर्षांच्या आणि साठ वर्षांच्या बाईला एकच पान दोन तऱ्हांनी दिसणार.

तेव्हा मैत्रिणींनो, गटात कधी एखाद्या पुस्तकावर, सिनेमावर, संध्याकाळच्या मालिकेवर बोलणं निघालं आणि मतं फाटली, तर “तुला काय कळतंय” म्हणून विषय बंद करू नका. दोनच गोष्टी विचारा. कुठला प्रसंग आवडला नाही? आणि तुला काय व्हायला हवं होतं? उत्तर नीट ऐका. पुस्तकाबद्दल सांगता सांगता बाई कधीकधी स्वतःबद्दल सांगून जाते.

तुमच्या घरातही एखादी पंधरा वर्षांची पोर सारखी चिडत असेल. आज जेवणं झाल्यावर तिच्याजवळ जरा बसा. आपण तिच्यापासून काय लपवलंय, ते आधी आठवून बघा. पुढच्या बैठकीत भेटू. नमस्कार.