दहा किलोमीटर आणि पाण्याचे एकच टेबल

गेल्या मार्चच्या शेवटच्या रविवारी आम्ही चौघे आपल्या जिल्ह्यातल्या एका गावी शर्यतीला गेलो होतो. फलकावर 'भव्य मॅरेथॉन' असे लिहिले होते, अंतर मात्र १० किलोमीटर. (मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. आपल्याकडे तीन किलोमीटर धावले तरी मॅरेथॉनच म्हणतात, ते असो.) वेळ सकाळी साडेसहाची दिली होती. आमच्यापैकी तिघे चाळिशी ओलांडलेले, साखर आणि रक्तदाबाच्या भीतीने धावायला लागलेले. चौथा एकोणीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. विहारासमोरच्या रस्त्यावर रोज पहाटे आमच्यासोबत धावतो आणि आम्हाला मागे टाकून पुढे जातो.

साडेसहाला मैदानावर मंडप होता, स्पीकर होता, पाहुणे नव्हते. ते आठला आले. मग हार, शाली, प्रास्ताविक, मनोगत. तोवर पोरे उन्हात रांगेत उभी. कुणी उपाशी, कुणी रात्रीच्या एसटीने आलेले. झेंडा दाखवला तेव्हा आठ वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. मार्चअखेर आपल्याकडे त्या वेळी ऊन चटके देऊ लागते. वाटलेले टी-शर्ट जाड पॉलिस्टरचे होते आणि ते घालणे सक्तीचे होते.

रस्ता बंद केलेला नव्हता. हळदीचे दिवस, पोत्यांनी लादलेले ट्रॅक्टर मोंढ्याकडे निघालेले, त्यांच्या बाजूने आम्ही धुळीत पळत होतो. पाण्याचे टेबल एकच, पाच किलोमीटरवर, जिथून परत फिरायचे होते तिथे. आम्ही पोहोचलो तेव्हा टेबलावर फाटलेले पाऊच होते आणि दोन स्वयंसेवक मोबाईल पाहत बसले होते. पुढच्यांनी दोन-दोन, तीन-तीन पाऊच नेले, मागच्यांना काही राहिले नाही. जो जास्त वेळ उन्हात राहणार त्यालाच पाणी नाही, असा तो हिशेब होता. परत फिरण्याची खूणही नीट नव्हती. कुणी पुलापासून वळले, कुणी पुढच्या बाभळीपासून. आमच्या घड्याळाने शेवटी अकरा किलोमीटरच्या वर अंतर दाखवले.

शेवटचा एक किलोमीटर उरला असताना आमचा पोरगा रस्त्याच्या कडेला बसलेला दिसला. आम्ही हाक मारली. त्याने आमच्याकडे पाहिले, पण ओळख दिली नाही. उठला, उलट्या दिशेने चार पावले चालला आणि कोसळला. काहीतरी बरळत होता. अंगावरून घाम वाहत होता.

हा घाम लक्षात ठेवावा, कारण तिथे जमलेल्यांपैकी एक जण ठामपणे म्हणाला, "घाम येतोय म्हणजे ऊन लागलेलं नाही, चक्कर आहे." ही समजूत घरोघरी आहे आणि ती धोक्याची आहे. उन्हात बसून किंवा घरातल्या उकाड्याने वृद्धांना जो उष्माघात होतो, त्यात कातडी बहुधा कोरडी पडते. पण धावताना, पोती उचलताना किंवा ऊस तोडताना तरुण माणसाला होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. दोन्हींची खरी खूण डोके भ्रमिष्ट होणे ही आहे. ओळख न पटणे, बरळणे, विनाकारण भांडणे, तोल जाणे, झटके येणे, बेशुद्धी. श्रम झाल्यावर यातले काही दिसले आणि अंग भाजत असले, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत उष्माघातच समजावा. शरीराच्या आतले तापमान अशा वेळी ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असते. काखेत लावलेला थर्मामीटर ते कमी दाखवतो, म्हणून त्याच्या आकड्यावर विसंबू नये.

हे होते कसे? स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या शक्तीचा साधारण चौथा भागच धावण्याच्या कामी येतो, उरलेली सगळी उष्णता होते. ती बाहेर टाकायला शरीराकडे मुख्य साधन म्हणजे घाम. घाम वाळला तरच गारवा मिळतो. कपडा जाड असला, हवा दमट असली, वारा पडला, तर घाम नुसता निथळतो. त्यात पाणी मिळाले नाही की रक्त कमी पडते आणि कातडीकडे न्यायचे की स्नायूंकडे, अशी ओढाताण सुरू होते. तरुण, चपळ, जिद्दी माणूस यात आधी सापडतो, कारण म्हातारा दमला की बसतो आणि भरतीचा पोरगा बसत नाही. शिवाय उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. आमचा पोरगा रोज पहाटे पाचला धावायचा. साडेआठच्या उन्हात तो कधी धावलाच नव्हता.

पुढे काय झाले ते सांगतो. एकाने कांदा फोडून नाकाशी धरला. दुसऱ्याने चप्पल काढली. तिसरा ग्लुकोजचे पाणी तोंडात ओतू लागला, त्याचा हात आम्ही धरला. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. रुग्णवाहिका मंडपाशी उभी होती आणि तिचा चालक नाश्त्याला गेला होता. पोराला वाचवले ते रस्त्यालगतच्या आखाड्यावर राहणाऱ्या एका बाईने. गर्दी पाहून ती आली, म्हणाली, "इथं काय बघत बसलात, मोटर चालू हाय, आणा तिकडं." सुदैवाने त्या वेळी लाईट होती. आम्ही त्याला लिंबाखाली नेले, टी-शर्ट फाडून काढला आणि बोअरच्या पाण्याची नळी अंगावर धरली. ओली लुगडी गुंडाळली, दोन सुपांनी वारा घातला. पंधरा-वीस मिनिटांनी तो "आई" म्हणाला. मग १०८ ची गाडी आली. सरकारी दवाखान्यात दोन दिवस ठेवले, सलाईन लावले, मूत्रपिंडाच्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, तुम्ही आधी थंड केले ते बरे झाले.

त्या बाईला पुस्तकातले काही ठाऊक नव्हते, पण जगभरच्या शर्यतींचे वैद्यकीय पथक हेच करते: आधी थंड करा, मग हलवा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फालमाउथ गावी दर ऑगस्टमध्ये सात मैलांची शर्यत होते. तिथे अठरा वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवून थंड केले गेले आणि त्यातला एकही दगावला नाही. टब नसला तर जनावरांचा हौद चालतो. तोही नसला तर ताडपत्रीचे चार कोपरे चौघांनी धरायचे, मध्ये रुग्ण ठेवायचा आणि पाणी-बर्फ ओतून हलवत राहायचे. डोके पाण्याबाहेर राहील एवढी काळजी घ्यायची. नुसता बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघांत ठेवावा. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, कारण हा जंतूंचा ताप नव्हे. पहिला अर्धा तास हाच खरा वेळ, आणि तो गाडीची वाट पाहण्यात घालवायचा नसतो. मात्र माणूस कोसळला आणि त्याचा श्वासच चालत नसेल, तर ते हृदयाचे प्रकरण आहे. तेव्हा छातीच्या मध्यभागी जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचे आणि १०८ ला फोन करायचा.

असे प्रसंग आपल्याच वाट्याला येतात असे नाही. १९०४ साली सेंट लुईस ऑलिम्पिकची मॅरेथॉन ३० ऑगस्टला भर दुपारी, ३२ अंशांवरच्या उन्हात, धुळीच्या रस्त्यावर घेतली गेली. पाणी मोजक्याच ठिकाणी होते, कारण पाण्याविना शरीर कसे टिकते हे संयोजकांना पाहायचे होते. ३२ जण निघाले, १४ पोहोचले. जिंकलेल्या थॉमस हिक्सला वाटेत पाणी नाकारून स्ट्रिक्नीन नावाचे विष आणि ब्रँडी पाजत आणले होते. त्या शर्यतीत दक्षिण आफ्रिकेचे दोन कृष्णवर्णीय धावपटू होते, लेन टाउन्याने आणि यान माशियानी. जत्रेतल्या युद्धाच्या देखाव्यासाठी त्यांना अमेरिकेत आणले होते. टाउन्यानेच्या मागे कुत्रे लागले, तो रस्ता सोडून पळाला आणि तरीही नववा आला.

आणि आपल्या राज्यातले? जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटरची धाव रस्त्यावर घेण्यात आली. उकाड्यात धावताना उमेदवार कोसळले आणि किमान चार तरुण मरण पावले. त्यानंतर अंतर कमी करण्यात आले आणि उन्हाच्या वेळा टाळायचे ठरले. आज जिल्हा पोलीस शिपाई पदासाठी मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, राज्य राखीव दलासाठी मात्र ५ किलोमीटर कायम आहे. हिंगोलीत राखीव दलाचा गट क्रमांक १२ असल्याने आपल्या भागातली कितीतरी पोरे त्याच पाच किलोमीटरसाठी घाम गाळतात. घरच्या गरिबीवर तोडगा म्हणून धावणारा पोरगा चक्कर आली तरी थांबत नाही, हे शर्यत भरवणाऱ्याने गृहीत धरलेच पाहिजे.

एक गोष्ट आपल्या समाजासाठी वेगळी सांगावी लागते. सिकलसेल. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या आपल्या भागात बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांमध्ये तो आढळतो. ज्यांना आई किंवा वडील एकाकडूनच हा गुण आलेला असतो, त्यांना वाहक म्हणतात. ते निरोगी असतात, खेळतात, नोकरी करतात. पण उन्हात, पाण्याविना, एकदम जोर लावून धावले तर त्यांचे स्नायू तुटून त्यातले द्रव्य रक्तात उतरण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. अमेरिकन लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या अभ्यासात वाहकांमध्ये हा धोका जवळपास दीडपट आढळला. मृत्यूचे प्रमाण मात्र वाढलेले नव्हते, म्हणून वाहकाने धावायचे नाही असा अर्थ कुणी काढू नये. त्याने हळूहळू वेग वाढवावा, भरपूर पाणी प्यावे, पाय किंवा कंबर एकाएकी कमजोर वाटली तर तिथेच थांबावे. धावून आल्यावर लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, हे वाहक नसलेल्यालाही लागू आहे. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. लग्न जमवताना ती करा असे आपण सांगतो, भरतीला उतरतानाही करावी.

पाण्याबद्दल उलटी चूकही होते. भीतीने काही जण दर टेबलावर पोटभर पाणी ढोसतात. त्याने रक्तातले मीठ पातळ होते, उलट्या होतात, झटकेही येतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांचे सोडियम कमी निघाले. तहान लागेल तसे घोट-घोट प्यावे हे बरे. तासाच्या वर धावायचे असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून न्यावे. लिंबू पिळले तर चव येते.

आता मूळ मुद्दा. १४ एप्रिलच्या जयंतीला गावोगावी आपल्याच समित्या धावण्याच्या शर्यती ठेवू लागल्या आहेत. चांगलेच आहे. पण तो महिना मार्चपेक्षा कडक. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात नुसते बसलेले १४ लोक उष्माघाताने गेले, ते धावतही नव्हते. म्हणून आमच्या गावच्या जयंती समितीच्या बैठकीत आम्ही हिशेब मांडला. ३०० धावणारे, प्रत्येकाला एका ठिकाणी पाव लिटरच्या आत-बाहेर, सुरुवात, अडीच, पाच, साडेसात आणि शेवट अशी पाच ठिकाणे: साधारण ३०० ते ३७५ लिटर, आणि डोक्यावर ओतायला तेवढेच वेगळे. म्हणजे वीस लिटरचे चाळीसेक जार. जागतिक अॅथलेटिक्सच्या नियमातही दहा किलोमीटरपर्यंतच्या शर्यतीत हवा तापलेली असेल तर दर दोन-तीन किलोमीटरवर पाणी ठेवायला सांगितले आहे. खजिनदार म्हणाले, एवढा खर्च? आम्ही म्हणालो, शाली कमी करा. महाडचे तळे ज्यांनी मोकळे केले त्यांच्या जयंतीला पाणी कमी पडले तर बरे दिसणार नाही, असे एक आजी मागून बोलल्या आणि प्रश्न मिटला.

ठरले ते असे. शर्यत पहाटे साडेपाचला, पाहुणे आले असोत वा नसोत. भाषणे बक्षीस वाटपाच्या वेळी, सावलीत. अंतर ५ किलोमीटर, कारण १० साठी पुरेशी माणसे आमच्याकडे नाहीत. प्रत्येक टेबलावरचे अर्धे पाणी मागच्यांसाठी झाकून ठेवायचे आणि शेवटचा माणूस पुढे गेल्याशिवाय टेबल उचलायचे नाही. सर्वांत मागे एक मोटारसायकल. पोलीस ठाण्याला रस्त्यासाठी आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना रुग्णवाहिकेसाठी पंधरा दिवस आधी पत्र, आणि चालकाचा नाश्ता गाडीतच पोहोचवायचा. शेवटच्या खुणेजवळ पाण्याने भरलेला हौद, ताडपत्री, बर्फाच्या दोन लाद्या. नाव नोंदवण्याच्या कागदावर सिकलसेल, दमा, हृदयविकार, मागच्या आठवड्यातला ताप आणि घरच्यांचा फोन नंबर असे रकाने. टी-शर्ट ज्याला हवा त्याने घालावा.

आमचा पोरगा डॉक्टरांच्या सल्ल्याने महिनाभर धावला नाही. जयंतीच्या दिवशी तो अडीच किलोमीटरच्या टेबलावर पाणी वाटायला उभा राहणार आहे. सिकलसेलचा अहवाल अजून यायचा आहे. तो आल्यावर डॉक्टरांना दाखवून मगच त्याला पुन्हा पहाटेच्या रस्त्यावर घ्यायचे असे ठरले आहे.