घोणीतला नर कोणता, मादी कोणती?

चौलच्या नारळ-पोफळीच्या वाड्यांत पावसाळ्यात आळी साफ करताना, कुजक्या झावळ्या नाहीतर विऱ्या उचलताना गोम निघतेच. मोठी असली तर तिला घोण म्हणतात. निघाल्याबरोबर कुणीतरी निवाडा देतो : काळपट आणि जाड ती मादी, लालसर आणि सडपातळ तो नर. शेपटाकडे दोन लांब काटे दिसले की तो नरच आणि विषारीही तोच, असंही सांगितलं जातं.

रंगाचं आधी पाहू. एकाच जातीच्या घोणीत वयानुसार आणि प्रदेशानुसार रंग बदलतो, त्यावरून लिंग कळत नाही. जाडीचंही तेच. पोटभर खाल्लेला नर उपाशी मादीहून जाड दिसतो.

शेपटाकडचे ते काटे म्हणजे पायांची शेवटची जोडी. ती नरालाही असते, मादीलाही. चालायला तिचा उपयोग नाही. भक्ष्य धरायला आणि शत्रूला भिववायला होतो. तिच्यात विष नसतं. विष असतं डोक्याखालच्या नख्यांत. धडाच्या पहिल्या पायांचंच रूपांतर होऊन त्या बनल्या आहेत, आणि त्याही दोघांना असतात. म्हणून चावरा नर आणि गरीब मादी ही वाटणी सोडून द्यावी.

मग नर-मादी ओळखायचे कसे? बहुतेक घोणींत वरून बघून ओळखताच येत नाहीत. जननेंद्रियं शेवटच्या पायांमागच्या अगदी छोट्या खंडांत असतात आणि ते खंड आत ओढलेले असतात. अभ्यासक ते भिंगाखाली तपासतात. भारतात आढळणाऱ्या स्कोलोपेंड्रा मॉर्सिटन्स या जातीत मात्र (लिनियसने 1758 मध्ये तिला नाव दिलं) एक बाह्य खूण सापडते : प्रौढ नराच्या शेवटच्या पायांचे सुरुवातीचे भाग वरून चपटे असतात आणि त्यांच्या कडा उचललेल्या असतात. पण प्रत्येक नरात ती सारखी ठळक नसते, आणि सळसळत पळणाऱ्या घोणीत कुणाला दिसणार! बी. एस. जंगी यांनी भारतीय घोणीच्या शरीररचनेवर 1966 मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. ज्या प्राण्याला आपण बघताक्षणी चप्पल मारतो, त्याच्यावर कुणी एवढं बारकाईनं काम करतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

'एक दिसली की जोडी असणारच' हेही खरं नाही. घोणी एकेकट्या राहतात, कधीकधी एकमेकींना खातातही. मीलनाच्या वेळी नर तंतूंची छोटी जाळी विणतो, तिच्यावर शुक्राणूंची पुडी ठेवतो आणि मादी ती उचलून घेते. त्यानंतर नराचा संबंध संपतो.

वाडीत खात्रीची खूण एकच. अंड्यांभोवती किंवा पांढुरक्या पिल्लांभोवती वेटोळं घालून बसलेली घोण दिसली, तर ती मादीच. अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून ती त्यांना चाटत राहते, आणि या काळात आठवडेच्या आठवडे जागची हलत नाही. डिवचली तर अंडी सोडून जाते, नाहीतर स्वतःच खाऊन टाकते. अशी घोण दिसली तर झावळी हलकेच परत ठेवावी. घोणीची पिल्लं पायांच्या सगळ्या जोड्या घेऊनच अंड्यातून निघतात, पण नीट चालता येईपर्यंत त्यांना आईच्या वेटोळ्यातच राहावं लागतं.