स्नानगृहातील दाढीच्या यंत्राचे सॉकेट : बसवणी आणि वापर

मुंबई, पुणे व सोलापूर येथून हुसेनसागर एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास करून हैदराबादला आलेला उतारू नामपल्ली स्थानकावर उतरतो आणि जवळपासच्या एखाद्या लॉजमध्ये खोली घेतो, तेव्हा दाढी आणि स्नान हीच त्याची पहिली निकड असते. खोलीला लागून असलेल्या स्नानगृहात बेसिन, बेसिनवर आरसा आणि पुष्कळदा आरशाशेजारी दोन छिद्रांचे एक सॉकेट असते. विजेच्या दाढीच्या यंत्रासाठीच ते बसविलेले असणार, असे समजून तो ओल्या हाताने प्लग लावतो. हा समज काही ठिकाणी बरोबर असतो, काही ठिकाणी साफ चुकीचा. कारण वरून सारख्या दिसणाऱ्या या दोन छिद्रांमागे दोन अगदी भिन्न गोष्टी असू शकतात. एकीत विलगीकरण करणारे रोहित्र असते. दुसरीत घरातील वीज सरळ तारेने आणलेली असते. ही बाब केवळ शहरातील लॉजपुरती नाही. शासकीय विश्रामगृहे, शाळांची वसतिगृहे आणि आता खेड्यांतून होणारी नवी पक्की घरे या सर्वांना ती सारखीच लागू आहे.

प्रथम पाणी आणि वीज यांचा संबंध पाहू. शरीरातून किती प्रवाह वाहतो यावर विजेच्या धक्क्याची तीव्रता ठरते. एक मिलीअँपियर, म्हणजे अँपियरचा हजारावा भाग, एवढ्या प्रवाहाने केवळ झिणझिण्या जाणवतात. सुमारे दहा मिलीअँपियरला हाताचे स्नायू आखडतात व धरलेली वस्तू सोडता येईनाशी होते. तीस मिलीअँपियरच्या पुढे प्रवाह काही क्षण टिकून राहिला, तर श्वसन व हृदयक्रिया धोक्यात येते. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट आहे. कोरड्या त्वचेचा विरोध बराच असल्यामुळे कोरडा मनुष्य कित्येकदा चटक्यावर निभावतो. अंग ओले, पाय अनवाणी आणि जमीन भिजलेली असेल, तर हा विरोध हजार ओहमच्या आसपास उतरतो व शरीरातून दोनशे मिलीअँपियरहून अधिक प्रवाह जाऊ शकतो.

येथे एक हिशेब ध्यानात घेण्याजोगा आहे. दाढीचे यंत्र फार थोडी वीज घेते. दहा वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर साधारण त्रेचाळीस मिलीअँपियर प्रवाह घेते. म्हणजे जेवढ्या प्रवाहावर हे छोटेसे यंत्र चालते, तेवढाच प्रवाह मनुष्याचा प्राण घेण्यास पुरेसा आहे. पाच अँपियरच्या फ्यूजला मात्र या प्रवाहाचा पत्ताही लागत नाही. ‘लहान यंत्र, लहान धोका’ ही समजूत म्हणूनच टाकून द्यावयास हवी.

ऑक्टोबर २०२२ मध्ये हैदराबादच्याच लंगर हौज भागात एका तरुण पतिपत्नीचा राहत्या घराच्या स्नानगृहात विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. गीझरमधून आलेल्या विजेमुळे तो घडला असावा, असे त्या वेळी सांगण्यात आले. उपकरण निराळे असले, तरी ओले अंग, ओली जमीन आणि जेथे असू नये तेथे आलेली वीज ही कारणपरंपरा एकच आहे.

आता खऱ्या शेव्हर सॉकेटची रचना पाहू. वितरण व्यवस्थेतील न्यूट्रल तार रोहित्राजवळ जमिनीशी जोडलेली असते. त्यामुळे जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने एकट्या फेज तारेला स्पर्श केला, तरी त्याच्या शरीरातून जमिनीवाटे प्रवाहाचा मार्ग पुरा होतो. शेव्हर सॉकेटच्या पेटीत एक लहानसे रोहित्र असते. त्याच्या प्राथमिक गुंडाळीला घरची वीज मिळते. दुय्यम गुंडाळी तिच्यापासून पूर्णपणे अलग ठेवलेली असते आणि तिचे कोणतेही टोक जमिनीशी जोडलेले नसते. परिणामी दुय्यम बाजूच्या एखाद्या तारेला ओला हात लागला, तरी परत जाण्यास वाट नसल्यामुळे प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. दाब तोच राहतो, जमिनीशी असलेले नाते तेवढे तुटते. मात्र दोन्ही तारांना एकाच वेळी स्पर्श झाल्यास हे संरक्षण उरत नाही, हेही सांगितले पाहिजे.

या सॉकेटला तिसरी, अर्थिंगची पिन नसते. तो दोष नव्हे. तीच त्याची रचना आहे. ‘अर्थ राहून गेली’ असे समजून एखादा हौशी कारागीर दुय्यम बाजूची एक तार अर्थिंगला जोडून देतो. तसे केल्याबरोबर विलगीकरण संपते आणि महाग सॉकेट साध्या सॉकेटाइतकेच धोक्याचे होते. प्राथमिक बाजूकडे येणारी अर्थ तार मात्र उत्पादकाच्या सूचनेनुसार पेटीला अवश्य जोडावी.

आतील रोहित्राची शक्ती सामान्यतः २० ते ५० व्होल्ट-अँपियर एवढीच असते. दाढीचे यंत्र किंवा विजेचा दात घासण्याचा ब्रश यांपलीकडे त्याच्याकडून काही अपेक्षा करू नये. केस वाळविण्याचे यंत्र, इस्त्री किंवा पाणी तापविण्याची कांडी अडॅप्टर लावून त्यात खुपसणारे महाभाग आढळतात. चांगल्या बनावटीच्या सॉकेटमध्ये अशा वेळी प्रवाह तोडण्याची सोय असते. हलक्या बनावटीचे रोहित्र तापून जळते.

खरे सॉकेट ओळखावे कसे? रोहित्र सामावण्यासाठी त्याची पेटी साध्या सॉकेटपेक्षा मोठी व खोल असते. दर्शनी बाजूस दाढीच्या यंत्राचे चित्र अथवा केवळ शेव्हरसाठी असल्याचा उल्लेख असतो. बहुधा ११५ आणि २३० व्होल्ट असे दोन दाब त्यावर नोंदलेले असतात. तारतंत्री निऑन टेस्टरनेही प्राथमिक तपासणी करू शकतो. साध्या सॉकेटच्या एका छिद्रात टेस्टर स्पष्ट पेटतो. अलग केलेल्या सॉकेटमध्ये तो कोणत्याही छिद्रात पेटत नाही किंवा अगदी मंद पेटतो. ही परीक्षा म्हणजे पुरावा नव्हे, आणि ओल्या स्नानगृहात सामान्य माणसाने ती करूही नये.

जागेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. स्नानगृहातील विद्युतजोडणीचे आंतरराष्ट्रीय नियम टब डोळ्यांपुढे ठेवून झालेले आहेत. टबाच्या आतील भाग, त्यावरील सव्वादोन मीटर उंचीपर्यंतचा भाग आणि कडेपासून साठ सेंटिमीटरपर्यंतचा पट्टा असे विभाग त्यांत कल्पिलेले आहेत. पहिल्या दोहोंत सॉकेटला मज्जाव असून शेवटच्या पट्ट्यात शेव्हर सॉकेटपुरती सवलत आहे. आपल्याकडे स्नान होते ते बादली आणि तांब्याने. पाणी चारी दिशांना उडते आणि मोरीपासून दारापर्यंतची फरशी भिजते. चार फूट रुंदीच्या न्हाणीघरात साठ सेंटिमीटरचा हिशेब करीत बसण्यात अर्थ नाही. ते संपूर्ण न्हाणीघरच ओले मानावे आणि साधे सॉकेट त्यात मुळीच बसवू नये. बेसिन व आरसा बाहेरच्या कोरड्या भागात ठेवता आले, तर निम्मा प्रश्न सुटतो. गीझरचा व दिव्याचा स्विचही दाराबाहेर असावा.

अर्थिंगचा विचार हैदराबादसारख्या प्रदेशात अधिक काळजीने करावा लागतो. शहराखालची जमीन ग्रॅनाइटची आहे. खडकात पुरलेल्या अर्थिंगचा विरोध अधिक असतो आणि उन्हाळ्यात माती सुकली की तो आणखी वाढतो. समजा, हा विरोध एकंदर वीस ओहम झाला. गीझरच्या धातूच्या आवरणाला फेज तार टेकली, तर अर्थिंगवाटे साडेअकरा अँपियर प्रवाह जाईल. सोळा अँपियरचा फ्यूज त्याने वितळणार नाही आणि आवरणात वीज तशीच राहील. अर्थिंग केले आहे, फ्यूजही आहे, तरीही धोका कायम, अशी ही अवस्था होय.

यावर उपाय म्हणजे गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे आर.सी.सी.बी. हे साधन. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करते व फरक ठरलेल्या मर्यादेपर्यंत पोचताच क्षणार्धात पुरवठा बंद करते. घरासाठी ही मर्यादा ३० मिलीअँपियर असावी. त्यावरील चाचणीचे बटण तीन महिन्यांतून एकदा तरी दाबून पाहावे. बटण दाबूनही वीज जात नसेल, तर ते साधन निकामी समजून बदलावे. एम.सी.बी. आणि आर.सी.सी.बी. दिसण्यात सारखे असले, तरी एकाचे काम दुसरे करीत नाही. बटण नसलेली पेटी दाखवून कोणी ‘सर्व संरक्षण आहे’ म्हणाले, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

बहुतेक घरांना शेव्हर सॉकेटची आज गरजच नाही, हेही मोकळेपणाने सांगावयास हवे. जेकब शिक यांचे विजेचे दाढीचे यंत्र १९३१ साली अमेरिकेत विक्रीस आले, तेव्हा ते तारेनेच चालत असे. आजची पुष्कळशी यंत्रे विद्युतघटावर चालतात. नामपल्लीच्या मैदानावर दर वर्षी जानेवारीत सुरू होणाऱ्या नुमाइशमध्ये किंवा गावच्या बाजारात असे यंत्र घेतले, तर ते खोलीतील कोरड्या सॉकेटवर भारावे, प्लग काढावा आणि मगच न्हाणीघरात न्यावे. भारित होत असताना ते ओल्या हाताने वापरू नये. शेव्हर सॉकेटची खरी आवश्यकता उरते ती लॉज, विश्रामगृहे व वसतिगृहे यांना, कारण तेथे येणारा पाहुणा कोणते यंत्र आणील हे सांगता येत नाही.

अशा इमारतींच्या व्यवस्थापकांनी व मुख्याध्यापकांनी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून प्रत्येक स्नानगृह तपासून घ्यावे. आरशाजवळचे साधे सॉकेट असेल, तर ‘वापरू नये’ अशी पाटी लावून भागत नाही. तार मुळापासून काढून तोंड बंद करावे, किंवा त्या जागी प्रमाणित शेव्हर सॉकेट बसवावे. शेव्हर सॉकेटकडे जाणारा पुरवठाही आर.सी.सी.बी.मधूनच घ्यावा.

स्नानगृहात कोणाला धक्का बसल्याचे दिसले, तर आत धावू नये. वाचवायला गेलेला माणूसही त्याच ओल्या फरशीवर उभा राहतो. आधी मुख्य स्विच बंद करावा. तो सापडत नसेल, तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्या व्यक्तीला तारेपासून अलग करावे. श्वास चालत नसल्यास छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला शंभर ते एकशे वीस या गतीने दाब देण्यास आरंभ करावा आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्यास सांगावे. रुग्णवाहिका येईपर्यंत हा दाब थांबवू नये. एक जण थकला की दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी.