तळपायांच्या अतिघामावरील शस्त्रक्रिया

तळपायांना येणारा अतिरिक्त घाम थांबवण्यासाठी कमरेच्या मणक्यांलगत असणाऱ्या अनुकंपी चेतासाखळीचा काही भाग काढून टाकला जातो किंवा क्लिप लावून निकामी केला जातो. या शस्त्रक्रियेस कटिस्थ अनुकंपी चेताछेदन असे म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात ती ‘लंबर सिम्पथेक्टमी’ या नावाने ओळखली जाते.

विकाराचे स्वरूप

गिरगावातील खोताची वाडीसारख्या समुद्रानजीकच्या दमट वस्तीत घाम येणे स्वाभाविक आहे. त्यामुळे शरीर थंड राहते. प्राथमिक अतिस्वेदनात मात्र गारव्यातही तळपाय ओले राहतात व झोपेत घाम बहुधा थांबतो. हा विकार बालपणी किंवा पौगंडावस्थेत सुरू होतो आणि अनेकदा एकाच कुटुंबात आढळतो. चप्पल निसटणे, दुर्गंधी, बुरशीचा संसर्ग व चारचौघांतील संकोच हे त्याचे परिणाम होत.

इतिहास

ऑस्ट्रेलियन शल्यविशारद नॉर्मन रॉयल यांनी १९२०च्या दशकात स्नायूंच्या ताठरतेवर ही शस्त्रक्रिया केली. तिच्यामुळे पाय उबदार व कोरडे होतात असे दिसून आल्यावर ती रक्तवाहिन्यांच्या विकारांसाठी वापरली जाऊ लागली. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आढळणाऱ्या बर्जर रोगावर ती भारतातही दीर्घकाळ केली जात असे.

पद्धती

रुग्णास पूर्ण भूल देऊन कुशीवर लहान छेद घेतले जातात व दुर्बिणीच्या साहाय्याने उदरपोकळीच्या मागील बाजूने चेतासाखळीपर्यंत पोहोचले जाते. सामान्यतः दुसऱ्या ते चौथ्या कटिमणक्यालगतच्या चेतागंडिकांपैकी काही निवडल्या जातात. तळहातांसाठी छातीतून केली जाणारी शस्त्रक्रिया वेगळी असून केवळ पायांच्या घामासाठी ती योग्य मानली जात नाही.

धोके व मर्यादा

पाय कोरडे झाले तरी पाठ, पोट किंवा मांड्यांवर भरपाईचा घाम वाढू शकतो. मांडीत काही काळ वेदना राहू शकतात. मूत्रवाहिनी किंवा मोठ्या रक्तवाहिनीस इजा होण्याचा धोकाही असतो. पुरुषांमध्ये वीर्यस्खलनात बाधा येण्याची शक्यता असते. पहिली कटिगंडिका दोन्ही बाजूंनी काढल्यास हा धोका विशेष असतो. गंडिका एकदा काढल्यावर ती पूर्ववत करता येत नाही.

म्हणून ॲल्युमिनियम क्लोराइडचा लेप, पाण्यातून सौम्य विद्युत्प्रवाह देणारी आयनसंक्रमण पद्धती, बोटुलिनम विषाची इंजेक्शने व पोटात घेण्याची औषधे हे उपाय आधी करून पाहिले जातात. त्यांचा उपयोग न झाल्यास, आणि थायरॉइडसारखे अन्य कारण नाही याची खात्री झाल्यावरच, शस्त्रक्रियेचा विचार केला जातो.